मुख्यालय हलवायचं, म्हणजे नेमकं काय काय हलवायचं?

महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं कार्यालय दुसरीकडे न्यायचा विषय सभेपुढे आला की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: जागा कुठली आणि पैसे किती. खरं तर त्या एका छताखाली चार वेगवेगळ्या गोष्टी नांदत असतात. नागरिकांसाठीच्या खिडक्या, अधिकाऱ्यांची टेबलं, कागदांचा साठा आणि लोकप्रतिनिधींचं सभागृह. चौघांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. खिडकी लोकांच्या जवळ हवी, कागद कोरड्या आणि दणकट जमिनीवर हवेत, सभागृह महिन्यातून एखाद-दोनदा भरतं, आणि टेबलं खरं म्हणजे कुठेही चालतात. म्हणून ‘हलवावं का?’ हा प्रश्न चौघांसाठी वेगवेगळा विचारावा लागतो. तो एकत्र विचारला की उत्तर हमखास इमारतीच्या चित्राकडे बघून दिलं जातं.

आपल्या ठाणे-नवी मुंबई परिसरात उदाहरणांना तोटा नाही. नवी मुंबई महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला आणि बरीच वर्षं तो बेलापूर भवनातून चालला. २०१४ मध्ये मुख्यालय पामबीच मार्गाच्या टोकाला, किल्ले गावठाणाजवळच्या स्वतःच्या इमारतीत गेलं. म्हणजे हललं ते बेलापूरमधल्या बेलापूरमध्येच. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ची, मुख्यालय पाचपाखाडीत. तिच्या नव्या उंच प्रशासकीय इमारतीचं भूमिपूजन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं; खर्च सुमारे ७०० कोटी रुपये सांगितला गेला आणि हेतू असा की बहुतेक कार्यालयं एका मध्यवर्ती इमारतीत यावीत. अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातली लहान शहरं. २०११ च्या जनगणनेत पहिलं अडीच लाखांचं, दुसरं पावणेदोन लाखांचं. ती आता त्या आकड्यांच्या कितीतरी पुढे गेली आहेत आणि हाच प्रश्न त्यांच्याही दारात आहे. लहान शहराला तो जास्त जपून सोडवावा लागतो, कारण चुकलेली इमारत पचवण्याइतकी तिजोरी तिथे नसते.

आधी कारण तपासा

स्थलांतराची कारणं साधारण तीन सांगितली जातात. इमारत धोकादायक झाली, जागा पुरत नाही, किंवा शहराचा मध्य सरकला.

पहिलं कारण कागदावर सिद्ध करता येतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना संरचना परीक्षण करून घ्यावं लागतं. महापालिका दर पावसाळ्याआधी खासगी सोसायट्यांना याच्याच नोटिसा लावत असते, तेव्हा स्वतःच्या इमारतीचा अहवाल तिच्याकडे असायलाच हवा. तो मागून घ्या आणि शेरा कुठल्या वर्गाचा आहे ते बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे वापर चालू ठेवून दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. ‘इमारत जुनी झाली’ असं भाषणात म्हटलं जातं तेव्हा अहवालात पुष्कळदा सी-२बी असतं, आणि तेवढ्यावर स्थलांतर ठरत नाही. अहवालात नुसते हातोड्याच्या ठोक्यांचे आकडे असतील तर तो अपुरा समजा. ती चाचणी फक्त पृष्ठभागाचं सांगते. काँक्रीटचे गाभे कापून घेतलेली चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी आणि सळ्यांचा गंज मोजणारी चाचणी अशा तिन्ही हव्यात. खाडीकाठच्या खारट हवेत आतली सळई गंजते आणि वरचं प्लास्टर मात्र ठणठणीत दिसतं.

जागा पुरत नाही हे कारण निम्म्या वेळा खरं असतं. उरलेल्या निम्म्या वेळा ती जागा जुन्या फायली, मोडक्या खुर्च्या आणि बंद पडलेले संगणक खात असतात. भांडार विभागाने निर्लेखनाची, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकायची, यादी वर्षानुवर्षं केलेली नसते. ती आधी करा, मग मोजा.

तिसऱ्या कारणाला नवी मुंबईचाच इतिहास आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं तेव्हा कल्पना अशी होती की राज्य सरकारची कार्यालयं खाडीपलीकडे येतील आणि त्यांच्यामागे शहर येईल. मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिलं. बेलापूरला कोकण भवन आलं, विभागीय पातळीवरची कार्यालयं आली. पण वाशीला गती मिळाली ती घाऊक बाजारपेठा मुंबईहून तिकडे हलल्यामुळे. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळं. बाजार रोज हजारो लोकांना खेचतो, हमाल, ट्रक आणि खानावळी घेऊन येतो. कार्यालय संध्याकाळी रिकामं होतं. म्हणून ‘मुख्यालय तिकडे नेलं की तो भाग आपोआप विकसित होईल’ या युक्तिवादाकडे जरा सावधपणेच बघावं. आजूबाजूच्या जमिनींचा भाव वाढतो, एवढं मात्र नक्की.

खिडकी जवळ, सही लांब

माणूस महापालिकेत जातो कशाला? मालमत्ता कराच्या बिलावर नाव बदलायला, कर आकारणीतली चूक दुरुस्त करायला, नळजोडणीला, जन्म-मृत्यूच्या दाखल्याला, विवाह नोंदणीला, अनधिकृत बांधकामाच्या तक्रारीला, माहिती अधिकाराच्या अर्जाला. वास्तुविशारद, ठेकेदार आणि निवृत्त कर्मचारी यांच्या फेऱ्या वेगळ्या. यातल्या बहुतेक सामान्य कामांसाठी ठाण्यात नऊ प्रभाग समित्यांची कार्यालयं आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे इस्टेट, लोकमान्य-सावरकरनगर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं आहेत: बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा.

मग लोक मुख्यालयात का जातात? कारण अर्ज प्रभागात घेतला जातो, पण निर्णयाची सही वर असते. फाइल प्रभागातून मुख्यालयात जाते, तिथे त्रुटी निघते, परत येते, आणि अर्जदार तिच्यामागे फिरत राहतो. ही सही खाली आणायला इमारत लागत नाही. अधिनियमाच्या कलम ६९ खाली आयुक्त आपले अधिकार दुय्यम अधिकाऱ्यांना देऊ शकतात; एका आदेशाचं काम आहे. अमुक रकमेपर्यंतची करदुरुस्ती, वारस नोंद, ठरावीक व्यासाची नळजोडणी यांचे अधिकार प्रभागात दिले की मुख्यालयाच्या दारातली गर्दी विटेला हात न लावता कमी होते. आमच्या मते स्थलांतराच्या प्रस्तावाआधी हा आदेश निघायला हवा. तो निघाला की किती चौरस मीटर लागतील याचा आकडाच बदलतो.

गर्दी मोजण्याची रीत सोपी आहे. सलग चार आठवडे, रोज, प्रवेशद्वारावर प्रत्येक येणाऱ्याला तीनच गोष्टी विचारायच्या: कुठल्या भागातून आलात, कुठल्या विभागात जायचंय, याच कामासाठी आधी आला होता का. त्या चार आठवड्यांत महिनाअखेर आणि सोमवार यायलाच हवेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. दहापैकी सहा माणसं दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेली निघाली, तर अडचण जागेची नाही, कामाच्या पद्धतीची आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते. किती अर्ज मुदतीबाहेर गेले ही नोंद या मोजणीशेजारी ठेवली की चित्र पूर्ण होतं.

मोजणी झाली की नागरिकांचा खर्च काढता येतो, जो कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. समजा रोज १,५०० माणसं येतात, वर्षात २५० दिवस काम चालतं, आणि नव्या जागेमुळे प्रत्येकाचे जाऊन-येऊन ४० रुपये जास्त लागणार आहेत. वर्षाला दीड कोटी रुपये झाले. महापालिकेच्या खिशातून ते जात नाहीत, म्हणून ते नाहीतच असं मानलं जातं.

जागा: नकाशावर नव्हे, वेळापत्रकावर

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. शहराच्या सगळ्यात लांबच्या प्रभागातून, सार्वजनिक वाहनाने, सकाळी साडेदहाला पोहोचायचं असेल तर किती वाहनं बदलावी लागतात ते मोजा. दिव्याचा माणूस धिम्या लोकलने मुंब्रा, कळवा करत ठाण्याला उतरतो आणि मग बस किंवा शेअर रिक्षा धरतो: एक बदल. नवी जागा स्थानकापासून अशी दूर असली की दोन बसेस लागतात, तर त्याचा अर्धा दिवस गेला. नवी मुंबई तर उत्तर-दक्षिण पट्ट्यासारखी पसरलेली; मुख्यालय दक्षिण टोकाला बेलापुरात, दिघा उत्तर टोकाला. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाल्यावर त्या भागाला ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल दारात मिळाली. मुख्यालय इंचभरही न हलता लोकांच्या जवळ आलं ते असं. ठाण्यात वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ वर ‘महापालिका मार्ग’ नावाचं स्थानकच आखलेलं आहे. वाहतुकीचे आराखडे कार्यालयं गृहीत धरून आखलेले असतात. कार्यालय सरकलं तरी खांब सरकत नाहीत.

मोकळी, स्वस्त, सरकारी जागा दिसली की आधी ती मोकळी का राहिली ते विचारा. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना कारण बहुतेक वेळा कांदळवन असतं. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा सोडावा लागतो आणि सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांखालची, परवानगी मिळवण्यात वर्षं जातात. २०२२ पासून ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. विकास आराखड्यात त्या भूखंडावर मैदान किंवा शाळेचं आरक्षण असेल, तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो: सूचना प्रसिद्ध करणं, हरकती, सुनावणी, शासनाची मंजुरी. झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणापुढे जायचं. यांतलं एक जरी राहिलं तरी काम न्यायालयात अडकतं आणि निविदेतले दर शिळे होतात.

भरावाच्या जमिनीचं एक वेगळं प्रकरण आहे. नवी मुंबईचा बराचसा सखल भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला सोडायची व्यवस्था सिडकोने त्यासाठीच केली. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी तळघराकडेच धाव घेतं. आपत्ती व्यवस्थापन कक्ष ज्या इमारतीत आहे तिथे विजेचं मुख्य पॅनेल, जनित्र, सर्व्हर आणि पाण्याचे पंप तळघरात ठेवणं म्हणजे नेमक्या गरजेच्या रात्री कक्ष बंद पडण्याची सोय करणं. तळघरात वाहनं ठेवा, बाकी काही नाही.

किती मोठी इमारत?

आग-सुरक्षेच्या हिशेबात कार्यालयासाठी माणशी १० चौरस मीटर धरतात. पहिल्या अंदाजाला तोच आकडा चालतो. १,००० कर्मचाऱ्यांना १०,००० चौरस मीटर. त्यात नागरी सुविधा केंद्र, सभागृह, जिने, प्रसाधनगृहं, उपाहारगृह, यंत्रांच्या खोल्या धरल्या की १८,००० ते २०,००० होतात. सभागृह आखताना सदस्यसंख्या वाढणार हे धरून चाला. ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ नगरसेवक, शिवाय स्वीकृत सदस्य, अधिकारी, पत्रकार आणि प्रेक्षकांची सज्जा. आणि ते सभागृह उरलेले २८ दिवस कुलूपबंद राहणार असेल तर प्रशिक्षण आणि जनसुनावणीला वापरता येईल अशी बैठक करा.

उंच इमारत घेतली तर लिफ्टचा हिशेब आधी करा. सकाळच्या गर्दीत पाच मिनिटांत इमारतीतल्या १० ते १५ टक्के लोकांना वर नेता यावं असा संकेत आहे. १,५०० माणसांचे १२ टक्के म्हणजे १८०. तेरा जणांच्या लिफ्टमध्ये प्रत्यक्षात दहा माणसं शिरतात, आणि वर जाऊन खाली यायला अडीच मिनिटं लागली तर पाच मिनिटांत दोन फेऱ्या, म्हणजे वीस माणसं. लिफ्ट लागल्या नऊ. यातल्या दोन साहेबांसाठी राखून ठेवल्या आणि एक बंद पडली की खाली रांग लागते. उपाय लिफ्ट वाढवण्यात नाही, मजले वाटण्यात आहे. कर, पाणी, दाखले, विवाह नोंदणी, तक्रारी आणि बारनिशी (आवक-जावक टपाल) तळ आणि पहिल्या मजल्यावर. आस्थापना, लेखापरीक्षण, विधी आणि माहिती-तंत्रज्ञान वर. दालनांची वाटणी मात्र अनेकदा उलटी होते. ज्याचं पद मोठं त्याला खालची किंवा खाडीचा देखावा दिसणारी जागा, आणि पेन्शनच्या चौकशीला आलेले आजोबा सातव्या मजल्यावर.

उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नको आणि त्याची रुंदी १.२ मीटरपेक्षा कमी नको. तो मागच्या दाराला नव्हे, मुख्य दाराला असावा. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर कायद्याने बंधनकारक आहे. आराखड्यात ते नसलं तर नंतर जिन्याखाली सापडतं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रपत्र ब द्यावं लागतं. तो देखभालीचा ठेका पहिल्याच दिवसापासून हवा.

पैसा

बांधकामाचा आकडा सगळ्यांना दिसतो. चौरस मीटरला ५०,००० रुपये धरले तर २०,००० चौरस मीटरचे १०० कोटी. पण त्यात फर्निचर, वातानुकूलन, नेटवर्क, ध्वनियंत्रणा आणि दालनांची सजावट बहुधा नसते. ते वेगळ्या निविदेने, वेगळ्या वर्षात येतं आणि तिथेच वाद होतात. त्यानंतर चालवण्याचा खर्च. पूर्ण वातानुकूलित कार्यालयाला चौरस मीटरमागे वर्षाला १५० युनिट धरणं गैर नाही. २०,००० चौरस मीटरला ३० लाख युनिट झाली. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला ३ कोटी ६० लाख. लहान नगरपरिषदेला हा एकच आकडा निर्णय फिरवायला पुरेसा आहे. खोल्या खोल ठेवू नका, खिडकीपासून सहा-सात मीटरच्या आत टेबलं बसवा, पश्चिमेची काच टाळा. निम्मा भाग पंख्यावर चालतो.

‘विकासक बांधून देणार, आपल्याला फुकट’ असंही म्हटलं जातं. आरक्षित भूखंडाच्या मालकाने सुविधा बांधून द्यायची आणि बदल्यात बांधकामाचे हक्क घ्यायचे ही नियमावलीतली मान्य पद्धत आहे आणि रोख नसलेल्या संस्थेला ती उपयोगी पडते. फुकट मात्र ती नाही. दिलेले हक्क शेजारी घरं बनून उभे राहतात आणि त्यांचं पाणी, सांडपाणी, रस्ते महापालिकेच्याच डोक्यावर येतात. करारात तीन गोष्टी नेमक्या लिहून घ्या: इमारत कोणत्या अवस्थेत ताब्यात मिळणार, किती वर्षं गळतीची हमी, आणि आपली इमारत पूर्ण होईपर्यंत विकासकाला हक्कांचा किती हिस्सा वापरता येणार. हे तिसरं सैल राहिलं की त्याचे टॉवर उभे राहतात आणि आपला सांगाडा.

जुनी जागा विकून पैसा उभा करायचा असेल तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ आड येतं. मालमत्ता चालू बाजारभावापेक्षा कमी किमतीत देता येत नाही आणि ठरावीक मंजुऱ्या लागतात. विक्रीच्या पैशावर विसंबून बांधकाम सुरू करणं धोक्याचं, कारण विक्री अडकते आणि ठेकेदाराची बिलं अडकत नाहीत.

कागद: सगळ्यात जड सामान

खरा घोळ होतो तो अभिलेख कक्षात. नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीला पुनर्विकास करायचा असतो. त्यासाठी मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र हवं असतं. स्थलांतरानंतर उत्तर येतं: ‘अभिलेख आढळून येत नाही.’ माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारायची जी कारणं दिली आहेत त्यांत हे कारण नाही, पण कागद गेलेला असतो तो गेलेलाच.

आधी वजन समजून घेऊ. पाचशे कोऱ्या ए-४ कागदांचं रिम साधारण २.३ किलोचं आणि पाच सेंटिमीटर जाडीचं. मीटरभर फळीवर ठासून भरले तर ४६ किलो. फायलींच्या मोकळेपणामुळे प्रत्यक्षात ३५ धरा. सात फळ्यांचं मीटरभर रुंद कपाट २४५ किलोचं, लोखंड धरून २८५ च्या घरात. हे वजन जेमतेम ०.४ चौरस मीटरवर बसतं, म्हणजे कपाटाखाली चौरस मीटरला ७०० किलो. कपाटांमध्ये चालायची वाट सोडली की सरासरी निम्म्यावर येते. आता इमारतींवरच्या भाराचं आयएस ८७५ हे मानक बघा. साध्या कार्यालयाची लादी चौरस मीटरला २५० ते ४०० किलोसाठी आखतात, फायलींच्या खोलीची ५०० साठी, ग्रंथसाठ्यासारख्या दाट मांडणीची ६०० किंवा अधिक. जागा वाचवायला रुळांवर सरकणारी कपाटं, म्हणजे कॉम्पॅक्टर, घेतली की मधल्या वाटाच नाहीशा होतात आणि सरासरी वजन पुन्हा ६०० कडे जातं. असे कॉम्पॅक्टर पाचव्या मजल्यावरच्या साध्या लादीवर बसवले की आधी रूळ वाकतात, कपाटं सरकेनाशी होतात, मग खालच्या छताला तडे दिसतात. त्यामुळे अभिलेख कक्ष जमिनीलगतच्या मजल्यावर, जोत्यापेक्षा थोडा उंच, नळाची पाइप डोक्यावरून न जाणारा. तळघरात तर नाहीच.

दुसरा भ्रम ‘सगळं स्कॅन करून टाकू’ हा. समजा २,००० मीटर फायली आहेत. मीटरला ७,५०० कागद धरले तर दीड कोटी कागद. टाचण्या काढणं, सरळ करणं, स्कॅन, तपासणी, नाव देणं हे सगळं धरून एक माणूस दिवसाला २,००० कागद करतो असं मानलं, तरी दहा माणसांना ७५० दिवस लागतात. सुट्ट्या धरून तीन वर्षं. म्हणून आधी निवड. अभिलेखांची वर्गवारी ठरलेली आहे: ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षांचे, ‘क’ त्याहून कमी मुदतीचे, ‘ड’ एका वर्षाचे. मुदत संपलेले कागद रीतसर यादी करून, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच नष्ट करायचे. २००५ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमामुळे परस्पर रद्दीत देणं गुन्हा ठरू शकतं. स्कॅनिंगचा पैसा लावायचा तो मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्रं, कर आकारणी नोंदवह्या, सेवापुस्तकं, सभांची इतिवृत्तं आणि भूसंपादनाच्या नस्तींवर (फायलींवर). हे काम हलण्याच्या किमान नऊ महिने आधी सुरू व्हावं.

प्रत्येक गठ्ठ्याला एकच क्रमांक: विभाग, नवा मजला, कपाट, फळी, गठ्ठा. यादी दोन प्रतींत. जुन्या इमारतीतून निघताना एकाची सही, नव्या इमारतीत उतरवताना दुसऱ्याची, आणि दोन्ही याद्या त्याच रात्री पडताळायच्या. टेम्पो ठेकेदाराच्या माणसांकडे फायली नुसत्या मोजून देऊ नका. २,००० मीटर म्हणजे ७० टन सामान आहे, आठ-दहा ट्रक तरी होतात. चालू नस्ती, म्हणजे ज्यांवर रोज काम होतं त्या, संबंधित लिपिकाने स्वतःच्या पेटीत, स्वतःच्या सहीने न्यायच्या.

कधी हलायचं?

पंचांग बघायच्या आधी महापालिकेचं वर्ष बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक आणि करवसुलीची धावपळ. एप्रिल ते जून नवी बिलं आणि आगाऊ भरणाऱ्यांची सवलत, खिडक्यांवर रांगा. जून ते सप्टेंबर पाऊस. भिजलेला गठ्ठा परत वाळत नाही. मग गणपती, नवरात्र, मंडपांच्या परवानग्या. उरतो तो दिवाळीनंतरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, आणि त्यात निवडणूक आली तर तोही नाही. ही दोन-अडीच महिन्यांची खिडकी चुकली की वर्ष गेलं.

पहिला विभाग लहान आणि कमी वर्दळीचा न्या, उदाहरणार्थ उद्यान. शुक्रवारी संध्याकाळी सामान निघावं, सोमवारी सकाळी खुर्चीवर माणूस असावा. त्यात जे बिघडेल (पंचिंग यंत्र, प्रिंटर, चाव्या, पिण्याचं पाणी) ते लिहून ठेवा आणि पुढच्या विभागाला वापरा. कर विभाग शेवटी. इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या, वेगवेगळ्या बाजूंनी इमारतीत येणाऱ्या, चार महिने आधी मागवा. रस्ता खोदायची परवानगी महापालिकाच देते, तरी ती स्वतःच्या कामाला वेळेत मिळेलच असं नाही. आपत्ती कक्ष हलवताना किमान पंधरा दिवस जुना आणि नवा दोन्ही चालू ठेवा.

पत्ता बदलला की जीएसटी नोंदणीत मुख्य ठिकाणाचा बदल १५ दिवसांत कळवावा लागतो. न्यायालयातली प्रकरणं, बँका, वीज ग्राहक क्रमांक, निविदांचे नमुने, माहिती अधिकाराखालच्या १७ बाबींची माहिती, प्रत्येक दाखल्याच्या खाली छापलेला पत्ता, ही यादी विधी आणि सामान्य प्रशासन विभागाने मिळून करायची. जुन्या दारावर टपाल घ्यायला एक बारनिशी कारकून सहा महिने तरी बसवा. अपिलाची मुदत जुन्या पत्त्यावर पडून राहिलेल्या पाकिटामुळे चुकते आणि खटला हरतो.

जुन्या इमारतीचं काय?

हे नवीच्या भूमिपूजनाआधी ठरलं पाहिजे, आणि ते क्वचितच ठरतं. मग पुढे दोनपैकी एक होतं. एक तर इमारत रिकामी पडते, पहारेकरी आणि विजेचा स्थिर आकार चालू राहतो, आतली ॲल्युमिनियमची दारं गायब होतात. नाही तर नव्या इमारतीत ‘जागा पुरत नाही’ म्हणून एकेक विभाग परत येतो आणि दोन इमारतींचा खर्च कायमचा मागे लागतो.

लहान शहरासाठी आमची शिफारस साधी आहे. जुनी जागा स्थानकाजवळ असेल आणि अहवाल सी-२बी किंवा सी-३ असेल, तर तळमजल्यावरच्या खिडक्या तिथेच ठेवा, इमारत दुरुस्त करा, आणि टेबलं, तीही ज्यांच्याकडे कुणी जात नाही अशी, लांबच्या स्वस्त जागेत न्या. अभिलेख कक्ष वेगळा, एकमजली, कोरड्या जागी बांधा. त्याला मोक्याचा भूखंड लागत नाही. अहवाल सी-१ असेल तर चर्चा संपली, पण तेव्हाही आधी भाड्याच्या जागेत खिडक्या, मग इमारत.

हरकत नोंदवायची असेल तर भावनेची पत्रं लिहिण्यापेक्षा माहिती अधिकारात पाच कागद मागा: संरचना परीक्षणाचा पूर्ण अहवाल चाचण्यांच्या आकड्यांसह, येणाऱ्या नागरिकांची प्रभागवार मोजणी, पुढच्या दहा वर्षांचा वीज आणि देखभाल खर्चाचा अंदाज, अभिलेखांची वर्गवार यादी, आणि जुन्या इमारतीच्या वापराबाबतचा ठराव. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पाचपैकी एखादा कागद ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर तेच पत्र हरकतीला जोडून सुनावणीत द्या आणि तो कागद तयार होईपर्यंत प्रस्ताव पुढे न नेण्याची लेखी मागणी करा.